नाव नागपूरचं, फळ काटोलचं

जानेवारीतल्या एका दुपारी सीताबर्डीवर ज्यूसच्या एका गाडीशी थांबले होते. फळं अशी रचलेली की रस्त्याने जाणाऱ्याचं पाऊल थबकावं. एकसारखी गोल, चकचकीत, गडद केशरी, सालीवर मेणाची झिलई. वर पाटी होती, नागपूर संत्रा ज्यूस. शेजारी पुण्या-मुंबईकडचं वाटावं असं एक कुटुंब उभं होतं, बॅगा ऑटोत तशाच ठेवून उतरलेलं. वडील मुलाला सांगत होते, "हा बघ, हा खरा नागपूरचा संत्रा. आपल्याकडे मिळतो तो असा नसतो." मुलगा दोन्ही हातांनी पेला धरून पीत होता आणि माझी नजर त्या फळांवरून हलत नव्हती. साल गराला घट्ट बिलगलेली. देठाशी आपल्या संत्र्याला असते तशी छोटी मान नाही, सालीत तो फुगीर सैलपणा नाही. माणसं पैसे देऊन ऑटोत बसेपर्यंत मी थांबले आणि मग गाडीवाल्याला हळूच विचारलं, "दादा, हा किन्नू आहे ना?"

"हो ताई," तोही तितक्याच हळू म्हणाला. "आपला संत्रा आता कुठं आहे? आंबिया सरला, मृग यायले टाइम आहे. अन् याचा रस जास्त निघते."

"मग पाटी?"

"पाटी तं नागपूरचीच राहीन ना ताई. गाडी नागपुरात आहे."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. मी घरी आले, चार कामं केली, रात्री जेवायला बसले, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. गाडी नागपुरात आहे.

हिशोबाने तो चुकला नव्हता. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलायचे हंगाम, दोन. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आसपास उतरायला लागतं आणि डिसेंबर सरता सरता संपत येतं. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. मधल्या दिवसांत बाजार रिकामा राहत नाही, पंजाबातल्या अबोहरकडून, राजस्थानातल्या श्रीगंगानगरकडून किन्नूचे ट्रक येतात. किन्नूशी माझं वैर नाही. कॅलिफोर्नियात १९१५ साली दोन जातींच्या संकरातून ते झाड तयार झालं, १९३५ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती गेलं, पुढे पंजाबात आलं आणि तिथल्या कालव्याच्या पाण्यावर फोफावलं. साल घट्ट, म्हणून लांबच्या प्रवासात दबत नाही. रस भरपूर, म्हणून ज्यूसवाल्याला परवडतं. आपला संत्रा नाजूक. साल सैल, दोन बोटांनी सुटते, फोडी मोकळ्या होतात, चव आंबटगोड अशी की गोडी आधी लागते आणि आंबटपणा मागून येतो. तो सोलून खायचा, अंगणात बसून, बिया तळहातावर घेत. यंत्रात घालण्यासाठी तो जन्मलाच नाही.

मला टोचलं ते वेगळंच. गाडी जिथे उभी तिथलं नाव, हा न्याय त्या माणसाने काढलेला नाही. या फळाचा सगळा कारभार शे-दीडशे वर्षं त्याच न्यायाने चालला आहे. पिकतं काटोलला, नरखेडला, सावरगावला, पलीकडे वरूड-मोर्शीला. विकलं जातं नागपूरच्या मंडीत, चढायचं नागपूरच्या स्टेशनवर, म्हणून ते नागपूरचं. शहराने स्वतःला संत्रानगरी म्हणवून घेतलं. संत्रा बर्फीच्या डब्यावर, विमानतळावर, क्रिकेटच्या कॉमेंटरीत तेच नाव. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'नागपूर संत्रा' याच नावाने. त्या नावाखाली ज्यांच्या विहिरी आटल्या त्या गावांचं नाव दिल्लीच्या आझादपूर मंडीत कोणी घेत नाही.

माझं आजोळ काटोल.

नागपूरहून साठेक किलोमीटर, इटारसीच्या लाइनवर. लहानपणी आम्ही पॅसेंजरने जायचो. गोधनी, कळमेश्वर, कोहळी, सोनखांब, मेटपांजरा, आणि मग काटोल. कळमेश्वर सुटलं की आई खिडकी उघडी ठेवायला सांगायची. फेब्रुवारीत गेलो तर मेटपांजऱ्याच्या आधीच तो वास यायचा. संत्र्याचं फूल दिसायला अगदी साधं, पांढरं, पाच जाड पाकळ्या, मध्ये पिवळट केसर. पण एकरच्या एकर बाग फुलली की वास हवेत उरत नाही, तो घशात उतरतो. गोड, किंचित कडवट, मोगऱ्यापेक्षा जड. रात्री आजोबांच्या घरी माडीवर झोपलं की गावभर तोच वास, आणि खाली गोठ्यातला शेणाचा, आणि आजीच्या चुलीवर वाळत घातलेल्या सालींचा. आजी सालं टाकू द्यायची नाही. अर्धी उन्हात वाळवून उटण्याला, अर्धी चुलीत. आम्ही पोरं ताजी साल दुमडून कंदिलाच्या ज्योतीवर पिळायचो. सालीतलं तेल फवाऱ्यासारखं उडून चर्रर्र करत पेटायचं, निळसर ठिणग्या. डोळ्यात गेलं की रडारड. सकाळी बोटांना पिवळा रंग आणि शाळेची सुटी संपेपर्यंत न जाणारा वास.

मोठं झाल्यावर कळलं की हे गाव संत्र्याआधीचं, फार आधीचं. काटोलचे जुने लोक सांगतात की हे पुराणातलं कुंतलपूर, चंद्रहास राजाचं. ते खरं-खोटं करण्यात मला रस नाही, पण चंडिकेच्या देवळात उभं राहिलं की त्या सांगण्याला वजन येतं. सरस्वतीचं जुनं देऊळ आहे. किल्ल्याचे अवशेष आहेत, त्यांच्या अंगावर आता घरं चढली आहेत. जाम नदी आहे, जी वर्षातले बरेच महिने नावापुरती असते. जवळच पारडसिंग्याला सती अनसूया मातेचं देवस्थान, तिथे आजोबा बागेचा पहिला तोडा झाला की पाच फळं घेऊन जायचे. पाचच. त्यातलं एक प्रसाद म्हणून परत आणायचे आणि त्याच्या फोडी घरातल्या सगळ्यांना मिळायच्या, गड्यासकट.

संत्र्याआधी काटोल कापसाचं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६०च्या दशकात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा सगळ्या वऱ्हाड-नागपुरावर त्यांची नजर वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि काटोलसारख्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. माझ्या आठवणीत कापूस म्हणजे बंड्यांची, बैलगाड्यांची रांग. राज्याची कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ च्या सुमारास सुरू झाली, त्यानंतर हंगामात खरेदी केंद्राबाहेर रात्र-रात्र बंड्या उभ्या राहायच्या. बैल सोडलेले, माणसं कापसावरच झोपलेली, शेकोट्या, आणि सरकीचा तो तेलकट, धुळकट वास. सकाळी ग्रेडरने दर्जा खाली लावला की एखादा कास्तकार काही न बोलता बंडीला टेकून उभा राहायचा. आजोबांनी ते पुष्कळ वर्षं पाहिलं. घरातला कापूस कमी करत त्यांनी वावरात संत्रा लावला तो याच कंटाळ्यातून, असं मामा सांगतो. संत्र्याला ग्रेडर नव्हता. व्यापारी बांधावर यायचा, चहा प्यायचा, भाऊ म्हणायचा.

झाड इकडे कसं आलं याची हकिगत शाळकरी मुलांनाही पाठ असते. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून रोपं मागवली, ती आधी राजांच्या बागांत लागली आणि तिथून रयतेच्या वावरात पसरली. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. राजाने आणलं म्हणून झाड टिकत नाही. ज्या माणसाने पहिल्यांदा आपल्या कापसाच्या वावरात, चार-पाच वर्षं एक फळ दिसणार नाही हे माहीत असताना, विहिरीवर मोट लावून ती रोपं जगवली, त्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही. १९२०च्या दशकात इटारसीचा लोहमार्ग काटोलवरून गेला आणि फळाला उत्तरेची वाट मोकळी झाली. त्यानंतर लाकडी पेट्या, पेटीत गवत, गवतात संत्री, आणि ब्रेकव्हॅन. मामाच्या जुन्या कोठ्यात अजून दोन फुटक्या पेट्या आहेत. त्यांच्यावर डांबराने लिहिलेलं एकच अक्षर दिसतं, 'ना'. पुढचं पुसलं आहे.

या झाडाला फळ धरायला लावणं हे किती जीवघेणं काम आहे, हे शहरात कोणाला सांगूनही पटत नाही. संत्र्याचं झाड आपलं आपण वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं, त्याला एकदम फुलवायचं तर त्याला तहानलेलं ठेवावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं. मृगासाठी मे महिन्यात, उन्हाचा कडाका असताना. हलकी जमीन असेल तर झाड लवकर सुकतं, काळी भारी असेल तर दीड-दीड महिना वाट पाहावी लागते. मामा रोज सकाळी बागेत जायचा आणि एकेका झाडाखाली बसून माती उकरायचा. मूठभर माती दाबून पाहायची, गोळा होतो की फुटतो. मग पानं. सकाळी पान ताठ असेल तर अजून नाही. सकाळीही मलूल दिसलं, खालची पानं पिवळी पडून गळू लागली, की वेळ झाली. एक दिवस आधी पाणी सोडलं तर फुलाऐवजी नुसती पालवी येते, वर्ष गेलं. चार दिवस उशीर झाला तर फांद्या वाळतात, झाड गेलं. त्या दिवसांत मामी त्याच्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलायची नाही. मग एका सकाळी वखरणी, शेणखत, आणि हलकं पहिलं पाणी. आळ्यात पाणी शिरताना कोरडी माती पिते तो आवाज मी ऐकला आहे, बारीक सुस्कारल्यासारखा. आणि दोन-तीन आठवड्यांनी काडीकाडीवर पांढऱ्या कळ्या.

आणि जानेवारीत ताणावर असलेल्या बागेवर अवकाळी पाऊस आला, की सगळं पाण्यात.

फूल आलं म्हणजे फळ आलं असं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वाटाण्याएवढी फळं झाडाखाली सडा घालतात. नंतर ऑगस्ट-सप्टेंबरात, फळ लिंबाहून मोठं झाल्यावर, पुन्हा गळ. कधी बुरशीने, कधी रस शोषणाऱ्या पतंगाने, कधी नुसत्या ढगाळ हवेने. कोळशी आली की अख्खी बाग काळी पडते, पानांवर काजळी. डिंक्या लागला की खोडातून डिंक वाहतो, साल फाटते. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचं, मोरचूद-चुन्याचं, कमरेपर्यंत. निळसर पट्टे लावलेली ती झाडं ओळीने उभी असतात आणि मला लहानपणी वाटायचं, हा सगळ्यांचा गणवेश आहे. गावातच कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, नागपुरात अमरावती रोडवर १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची केंद्र सरकारची संस्था आहे. त्यांचे सल्ले मामा ऐकतो, वहीत लिहून ठेवतो. त्या वहीत पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात खतांचे हिशोब आहेत, शेवटच्या पानांवर मामाच्या अक्षरात बँकेचे.

काटोलच्या माणसाचा स्वभाव याच झाडाने घडवला, असं मला वाटत आलं आहे. वर्षाला एकदाच पैसा येतो आणि तो किती येईल ते तोडा होईपर्यंत कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे माणसं बोलतात भरपूर, पण आकडा सांगत नाहीत. "बगीचा कसा आहे?" या प्रश्नाला काटोलात एकच उत्तर, "आहे, बरा आहे." लग्नं ठरतात ती तोड्यानंतरची. किराणा दुकानाची उधारी तोड्यापर्यंतची. कृषी केंद्रांच्या फळ्यांवर संध्याकाळी बसणाऱ्या माणसांत फवारणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं ठरतं. गाव हसरं आहे, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि निघताना पिशवीत फळं टाकल्याशिवाय तर नाहीच. पण त्या हसण्याखाली एक सतत चाललेली आकडेमोड असते. ती मला आता दिसते, लहानपणी दिसली नव्हती.

व्यापारी बगीचा उभा घेतो. झाडांतून एक चक्कर मारतो, डोळ्यांनीच फळ मोजतो, पूर्वी हजाराचा भाव बोलायचे, आता टनाचा बोलतात. इसार देतो. उरलेले पैसे तोडा चालू असताना. मामाच्या बागेचा सौदा एका वर्षी असाच झाला, इसार मिळाला, आणि दिवाळीनंतर भाव पडल्यावर व्यापारी फिरकलाच नाही. फळ झाडावर पिकून सैल झालं, फुगलं, गळालं. बारीक फळ, ज्याला इकडे चुरी म्हणतात, ते तर कोणी उचलायलाही आलं नाही. मामी गड्यांना घेऊन स्वतः तोडायला लागली. संत्रा ओढून तोडत नाहीत, देठ कात्रीने कापावा लागतो, नाहीतर साल फाटते आणि फळ दोन दिवसांत सडतं. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला तेव्हाचा घट्टा आहे. भाव का पडतात याची कारणं दर वर्षी वेगळी. आपलं फळ पूर्वी मोठ्या प्रमाणात बांगलादेशात जायचं, त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क वाढवत नेलं आणि ती वाट अरुंद झाली. तिकडचा ट्रक थांबला की ते फळ देशातल्याच बाजारात येऊन पडतं. ढाक्यातला निर्णय काटोलच्या बांधावर चार दिवसांत पोचतो. प्रक्रिया उद्योगाच्या घोषणा मी लहान होते तेव्हापासून ऐकते आहे. नागपूरचा 'नोगा'चा स्क्वॅश मात्र खरा होता, संत्रा उत्पादकांच्या संघटनेच्याच नावातून ते नाव आलं, आणि आमच्या घरी पाहुणा आला की तीच बाटली निघायची.

पण भावाचं दुःख बोलता येतं. पाण्याचं दुःख या गावाने फार काळ बोललंच नाही.

आमचं सगळं खाली काळ्या पाषाणावर आहे. बेसॉल्ट. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, जेवढं पावसाने मुरेल तेवढंच. आजोबांच्या विहिरीतल्या पाण्याला मी लहानपणी हात लावू शकत होते, पायऱ्यांवर बसून. नंतर मोटर आली, मग दुसरी मोटर, मग विहिरीत आडवे बोअर, मग उभे बोअर. बोअरच्या गाड्या तामिळनाडू पासिंगच्या, रात्रभर धडधडणाऱ्या, आणि त्यांच्यासोबत येणारी कमी बोलणारी पोरं. आधी पाणी पाहणारा यायचा, तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरायचा, नारळ उभा राहिला की तिथे खूण. दोनशे फूट, चारशे, सातशे. धूळ निघते, पांढरी, पिठासारखी, आणि सगळं कुटुंब त्या धुळीत उभं राहून तिचा रंग बदलायची वाट पाहतं. वरूड, मोर्शी, नरखेड, काटोल हा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं येतो आहे. जे झाड फुलवण्यासाठी आम्ही तहानलेलं ठेवायला शिकलो, त्याला बाकीचं वर्ष पाजायला आमच्याकडे पाणी उरलं नाही. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात या भागात बागाच्या बागा वाळल्या. मामाने टँकर लावले, पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. खालच्या अंगाची, आजोबांच्या हातची झाडं गेली. वाळलेलं संत्र्याचं लाकूड पिवळट आणि कठीण असतं, कुऱ्हाड लवकर बोथट होते. मामा तोडणीच्या दिवशी वावरात गेला नाही.

याच पट्ट्यात, नरखेड तालुक्यातल्या मोवाडला, ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशे चार माणसं घेऊन गेली. काटोलच्या घराघरांतून तेव्हा भाकरी बांधून गेल्या. आजी त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली घ्यायची. मोवाड नंतर नव्या जागी वसवलं गेलं. काटोलात जुन्या माणसांशी पाण्याबद्दल बोलायला बसलं की ते आजही आधी मोवाडचं नाव काढतात आणि मग बोअरकडे वळतात. त्यांच्या लेखी दोन्ही एकच गोष्ट आहे, आणि माझ्याही.

काटोलचं नाव जगात एकदा गेलं, ते संत्र्यामुळे नाही. २२ मे २०१२. दुपारची वेळ, मे महिना, गाव दारं लावून पडलेलं. आकाशात स्फोटासारखा आवाज झाला, भांडी हलली. मामीला वाटलं विजेची डीपी उडाली. मग कोणाच्या छतावर, कोणाच्या वावरात काळ्या सालीचे दगड सापडायला लागले. उल्का होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं आली, दगड गोळा करून गेली. उल्केला ती जिथे पडते तिथल्या जवळच्या गावाचं नाव देतात, असा जगाचा रिवाज आहे, म्हणून तिचं नाव 'काटोल'. २०२१ साली खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तिच्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडल्याचं प्रसिद्ध केलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली भरपूर आहे, पण वर कोणाच्या हाती लागत नाही. ही बातमी मी वाचली तेव्हा फार आनंद झाला आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. आकाशातून अचानक पडलेल्या दगडाला काटोलचं नाव मिळालं. याच मातीत चार पिढ्यांनी वाढवलेल्या फळाला नाही मिळालं.

नागपूरने नाव चोरलं असं मी म्हणत नाही. मी स्वतः नागपुरात राहते, काटोल नाक्यावरून रोज जाते. शहराने बाजार दिला, रेल्वे दिली, ओळख दिली. पण ओळखीबरोबर जबाबदारी येते, आणि ती या शहराने कधी घेतली नाही. संत्रानगरीच्या एकाही चौकात काटोलच्या भूजलाची चर्चा मी ऐकलेली नाही. दार्जिलिंगचा चहा घेणाऱ्याला दार्जिलिंग डोंगरात आहे हे माहीत असतं. नागपूर संत्रा खाणाऱ्याला तो कुठल्या वावरातून आला हे नागपूरकरही सांगू शकत नाही. फळ जिथलं तिथलं नाव पेटीवर असावं, एवढी साधी गोष्ट आहे. नाव असेल तर त्या गावाची विहीर आटल्याची बातमी होईल. नसेल तर बाजारात फक्त भाव वाढल्याची बातमी होते.

मागच्या महिन्यात काटोलला गेले तेव्हा मामाच्या घरी हाच वाद चालू होता, वेगळ्या निमित्ताने. खालचं वावर मधली वर्षं सोयाबीन आणि कपाशीवर गेलं, आता तिथे पुन्हा संत्रा लावायचा ठरलाय. मामेभाऊ मोसंबी म्हणत होता. मामाने ऐकलं नाही, पण बाकी सगळं मुलाच्या म्हणण्याप्रमाणे होणार आहे. ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात तो खुंट जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा, आणि कलमं शेंदुरजनाघाटहून आणायची, नर्सरीत जाऊन एकेक डोळा तपासून. सपाट वावरात खड्डे न करता उंच गादीवाफे, म्हणजे पावसाचं पाणी खोडाशी थांबणार नाही आणि डिंक्या कमी होईल. ठिबक. आणि वरच्या कोपऱ्यात शेततळं, ज्यासाठी मामाने पाऊण एकर सोडलाय आणि त्याबद्दल मामी अजून नाराज आहे. या झाडांना चार-पाच वर्षांनी फळ येईल. मामाचं वय सत्तरीला आलं आहे.

वरच्या जुन्या बागेचं आंबियाचं फळ मामेभाऊ यंदा व्यापाऱ्याला उभं देणार नाही. स्वतः निवडून, पुठ्ठ्याच्या लहान खोक्यांत, थेट पुण्याला पाठवणार आहे. खोक्याचा नमुना त्याने मोबाइलवर करून आणला होता. मोठ्या अक्षरात 'काटोल संत्रा', खाली बारीक 'जि. नागपूर'. मामाने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"नागपूर मोठं कर," मामा म्हणाला. "काटोल कोन ओळखते पुन्यात?"

"आपन लिहिलंच नाही तं ओळखतीन कसे बाबा?"

"माल परत आला तं?"

"आला तं आला. गोड राहिला तं पुढच्या वर्षी काटोलच मागतीन."

मामा माझ्याकडे वळला. "तू सांग बाई. तू शिकलेली आहे, तिथंच राहते."

मी म्हटलं, "काटोल मोठंच राहू दे मामा."

त्याने मोबाइल परत दिला. "तुमी दोघं एकाच बाजूचे," म्हणाला, आणि मग मुलाला विचारलं, "खोक्याले किती पैसे लागतीन? अन् छापणारा उधार ठेवते का, तोड्यापर्यंत?"